‘ब्रेक निकामी’ या शब्दांआड

महामार्गावर एखादा मालट्रक अनावर होऊन दहा-वीस वाहनांना चिरडत गेला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कारणमीमांसा तयार असते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ या एका वाक्याने पोलीस, वाहनमालक, विमा कंपनी, परिवहन खाते आणि वाचक या सर्वांचेच समाधान होते. ब्रेक हे यंत्र आहे, यंत्र बिघडते, यंत्राला शिक्षा करता येत नाही. सबब प्रकरण नियतीच्या खात्यावर जमा! या वाक्यातील ‘निकामी’ या शब्दाचा अर्थ काय, ते यंत्र केव्हापासून निकामी होत होते, ते कोणाच्या नजरेस यावयास हवे होते आणि नजरेस आल्यावर तो ट्रक रस्त्यावर ठेवण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

पुण्याजवळच्या नवले पुलाचे उदाहरण ताजे आहे. 20 नोव्हेंबर 2022 रोजी कात्रज बोगद्याकडून उतरणाऱ्या एका अवजड वाहनाने तेथे 48 वाहनांना धडक दिली. प्रथम बातमी आली ती अर्थातच ब्रेक निकामी झाल्याची. तपासात मात्र वेगळेच निष्पन्न झाले. इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांनी सांगितले. इंजिन बंद म्हणजे हवेचा दाब भरणारा कॉम्प्रेसर बंद, आणि गिअर नाही म्हणजे इंजिनाचा अटकावही नाही. ब्रेकमध्ये दोष नव्हता. दोष तो वापरण्याच्या पद्धतीत होता. पुढे 13 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच परिसरात एका कंटेनर ट्रकने वाहनांना धडक देऊन आग लागली आणि किमान 8 जणांचा बळी गेला. तेव्हाही प्राथमिक वृत्तांत ब्रेकचेच नाव होते. तीन वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांना एकच शब्द लावला जातो, तेव्हा त्या शब्दातून काहीही कळत नाही हेच सिद्ध होते.

पुण्याचा हा विषय कोल्हापुरात चर्चिण्याचे कारण उघड आहे. नवले पुलावर उतरणारा रस्ता तोच, जो शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो आणि कागलपुढे कर्नाटकात शिरतो. तथापि कोल्हापूरकरांसाठी महामार्ग हा या प्रश्नाचा सौम्य भाग आहे. कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन विभागाचे क्षेत्र नकाशावर पाहावे. कोल्हापूर व सांगली हे घाटमाथ्यावरील जिल्हे आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे घाटाखालील जिल्हे एकाच विभागात येतात. म्हणजे अंबा घाट, गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा घाट, फोंडा, आंबोली ही सारी उतरंड एकाच कार्यालयाच्या छत्राखाली आहे. देशावरची साखर, सिमेंट, भाजीपाला आणि ओतीव लोखंड या घाटांनी कोकणात उतरते. ब्रेकच्या नियमातील संदिग्धता सपाटीवर एखाद वेळी खपून जाईल. करूळच्या वळणावर ती खपत नाही.

येथे थोडे गणित मांडणे अप्रस्तुत होणार नाही. जुलै 2018 मध्ये केंद्र शासनाने एक्सलवरील भाराची मर्यादा वाढविली आणि तीन एक्सलच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला दहा चाकी म्हणतात त्या ट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. एवढ्या वजनाचा ट्रक घाटमाथ्यावरून पाचशे मीटर खाली उतरतो, तेव्हा जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते ती त्याच ट्रकला ताशी 60 किलोमीटरच्या वेगातून सुमारे पस्तीस वेळा पूर्ण थांबविण्याइतकी असते. ही ऊर्जा इंजिनाने अडविली नाही तर सारी उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटू लागते आणि चालकाचा पाय पेडलवर असूनही गाडी वेग घेते. घाटात ‘ब्रेक लागेना’ असे चालक सांगतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. पण ते ब्रेक त्या वळणावर अकस्मात मेलेले नसतात. झिजलेले लायनर, सैल पडलेले स्लॅक, पाणी साचलेली हवेची टाकी, एखाद्या चाकावर बंदच करून टाकलेला ब्रेक, अशी ती अनेक दिवसांची दुखणी असतात. सपाटीवर उरलेली चाके ती झाकून नेतात. उतारावर ती एकदम उघडी पडतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 नुसार योग्यता प्रमाणपत्र असल्याखेरीज मालवाहू वाहन रस्त्यावर आणता येत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 62 मध्ये या प्रमाणपत्राची मुदत व तपासणीच्या बाबी आहेत आणि नियम 96 मध्ये ब्रेकविषयीची अट आहे. पायाने लावावयाचा ब्रेक आणि उभ्या गाडीचा ब्रेक या दोन स्वतंत्र व कार्यक्षम यंत्रणा असाव्यात, आणि चालू वापरातील वाहन ताशी 30 किलोमीटरच्या वेगातून 13 मीटरच्या आत थांबावे, असे त्याचे सार. नियम चांगला आहे. तो मोजता येतो, फूटपट्टी लावून सिद्ध करता येतो, आणि त्यात कोणाच्या मर्जीला वाव नाही. मात्र ही अट गाडीच्या एका चाचणीपुरती आहे, तिच्या वर्षभराच्या वापरासाठी नाही. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्याला दरवर्षी एकदा ‘पासिंग’ करावे लागते. पासिंगला येणारा ट्रक बहुधा रिकामा असतो. त्या दिवसापुरता तो नटवूनही आणला जातो; पासिंगपुरते टायर बदलून घेण्याची चाल साऱ्या वाहतूक व्यवसायाला ठाऊक आहे. ताशी 30 किलोमीटरला 13 मीटर हे अंतर जमले, तर तेवढीच पकड कायम धरूनही ताशी 60 ला ते 52 मीटर होते, आणि चालकाने धोका ओळखून पाय उचलेपर्यंतचे सतरा मीटर त्यात वेगळे मिळवावे लागतात. रिकाम्या गाडीचा, थंड ड्रमचा आणि सपाट धावपट्टीचा हा दाखला घेऊन तीच गाडी भरल्या वजनाने घाट उतरते.

हा दाखलादेखील महाराष्ट्रात कित्येक वर्षे मोजमापाविनाच दिला जात होता, हे विसरून चालणार नाही. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, तेव्हा हे वास्तव चव्हाट्यावर आले. ब्रेकची चाचणी घेण्यासाठी 250 मीटरची धावपट्टी लागते. अनेक परिवहन कार्यालयांकडे ती नव्हतीच. मग रस्त्याच्या कडेला, मैदानात, प्रसंगी नुसते गाडीभोवती फिरून प्रमाणपत्रे दिली जात. न्यायालयाने वारंवार मुदत दिली, आणि अखेर धावपट्टी नसलेल्या कार्यालयांना 1 नोव्हेंबर 2017 पासून योग्यता प्रमाणपत्रे देण्यास मनाई केली. त्यानंतर शासनाची धावपळ सुरू झाली, जागा सापडल्या, डांबर पडले. एका नागरिकाने चिकाटीने न्यायालयाचे दार ठोठावले नसते, तर नियम 96 मधील तेरा मीटर पुस्तकातच राहिले असते. समाजहिताचे काम म्हणजे सभा-संमेलनेच नव्हेत, याचे हे उदाहरण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

धावपट्टीचा प्रश्न असा मार्गी लागला. खरी पोकळी त्यापुढे आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती आहे रस्त्यावरच्या तपासणीत.

समजा, अंबा घाटाच्या तोंडाशी मोटार वाहन निरीक्षकाने एक दहा चाकी ट्रक थांबविला. कागदपत्रे पूर्ण आहेत, योग्यता प्रमाणपत्राला आणखी सात महिने आहेत. निरीक्षक खाली वाकून पाहतो, तर मागच्या एका चाकाचा लायनर संपत आलेला, दुसऱ्या चाकाच्या ब्रेकचा दांडा नको इतका बाहेर येतो आहे आणि हवेच्या नळीतून फुसफुस आवाज येतो आहे. या निरीक्षकाने काय करावे? कायद्याचे कलम 190 त्याच्या हाताशी आहे. ज्या दोषामुळे वाहन धोकादायक होते आणि जो सामान्य काळजी घेतली असता कळला असता, अशा दोषासह वाहन चालविणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यास त्यात दंड आहे. पूर्वी तो 250 रुपये होता, 2019 च्या सुधारणेने 1,500 रुपये झाला. पावती फाटते. आणि मग? मग तोच ट्रक, त्याच ब्रेकनिशी, घाट उतरू लागतो.

वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार देणाऱ्या कलम 207 मध्ये नोंदणी, परवाना, चालकाचे लायसन्स या बाबी आहेत. ब्रेकच्या दोषाचा त्यात उल्लेख नाही. कलम 56 च्या चौथ्या पोटकलमानुसार योग्यता प्रमाणपत्र रद्द करता येते, पण त्यासाठी लेखी कारणे द्यावी लागतात आणि 2019 च्या सुधारणेने त्यावर मालकाने निवडलेल्या तपासणी केंद्राच्या पुष्टीची अटही घातली आहे. मनमानी रोखण्यासाठी ती अट योग्यच आहे. मात्र घाटाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या निरीक्षकाला तिचा उपयोग शून्य. जास्त मालाबद्दल 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये इतका जबर दंड आहे आणि जादा माल उतरवून घेण्याची तरतूदही आहे. तोच माल ज्याने थांबवायचा त्या ब्रेकसाठी मात्र 1,500 रुपयांची पावती आणि शुभास्ते पंथानः!

शिवाय ‘धोकादायक’ म्हणजे किती? एका चाकाचा ब्रेक गेला तर धोकादायक की दोन चाकांचे गेल्यावर? लायनर किती मिलिमीटर उरला म्हणजे संपला? हवेची गळती कानाला ऐकू आली की पुरे, की दाबमापकाचा काटा अमुक वेळात अमुक इतका घसरला पाहिजे? याची उत्तरे रस्त्यावरच्या तपासणीसाठी एका कागदावर, सर्वांना कळेल अशा भाषेत कोठेही लावलेली दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक नाक्यावर प्रत्येक निरीक्षकाचा नियम निराळा होतो. एकाला जो दोष किरकोळ वाटतो तो दुसऱ्याला भयंकर वाटतो, आणि या दोन मतांमधल्या जागेतच चिरीमिरीचा व्यवहार फोफावतो. प्रामाणिक निरीक्षकालाही ही संदिग्धता मारक आहे. त्याने गाडी थांबविली तर ‘कोणत्या नियमाखाली’ हा प्रश्न, न थांबविली आणि खाली दरीत गेली तर ‘का सोडली’ हा प्रश्न.

हे कोडे जगात अन्यत्र सुटलेले आहे. अमेरिका व कॅनडात रस्त्यावर तपासणी करणाऱ्या यंत्रणांनी एकत्र येऊन मोजता येईल असा दंडक ठरविला आहे. वाहनावरील एकूण ब्रेकपैकी 20 टक्के किंवा अधिक ब्रेक सदोष आढळले की वाहन जागेवरच थांबते. दुरुस्तीशिवाय ते एक मीटरही पुढे जात नाही. दहा ब्रेकच्या गाडीत दोन सदोष निघाले की निर्णय झाला. पुढच्या, म्हणजे वळणाऱ्या चाकाचा ब्रेक काम करीत नसेल तर टक्केवारी मोजण्याचीही गरज नाही. ‘सदोष’ कशाला म्हणायचे तेही ठरलेले आहे. हवेच्या ड्रम ब्रेकचा लायनर सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पाव इंचावर आला की संपला. ब्रेक चेंबरच्या आकारानुसार दांड्याची कमाल हालचाल ठरलेली, सर्वसाधारण 30 क्रमांकाच्या चेंबरसाठी ती 2 इंच. निरीक्षक खडूने खूण करतो, चालकाला पेडल दाबायला सांगतो, पट्टी लावतो. वाद संपला. या निकषांचा दरवर्षी फेरविचार होतो आणि 1 एप्रिलपासून नवी आवृत्ती लागू होते. ब्रिटनमध्ये दोषांचे दोन वर्ग आहेत : काही दोष आढळले की तत्काळ मनाई, आणि काहींसाठी दुरुस्तीला 10 दिवसांपर्यंतची मुदत. म्हणजे किरकोळ दोषासाठी गरीब मालकाचा भाडेखेप बुडत नाही आणि गंभीर दोषाला पावतीवर सुटका मिळत नाही.

ब्रिटनमधील एका खटल्याची आठवण येथे आवश्यक आहे. बाथ या डोंगरउताराच्या शहरात 9 फेब्रुवारी 2015 रोजी एक भरलेला डंपर उतारावर अनावर झाला आणि एका बालिकेसह चौघांचा बळी गेला. ब्रेकची निगा राखलेली नव्हती, हे तपासात स्पष्ट झाले. न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये वाहतूक कंपनीचा मालक आणि गाडीची देखभाल करणारा मेकॅनिक या दोघांना मनुष्यवधाबद्दल दोषी धरले; चाकामागे बसलेल्या तरुण चालकाला निर्दोष सोडले. आपल्याकडे अशा अपघातात पहिला गुन्हा चालकावर आणि बहुधा शेवटचाही चालकावर. पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम 304-अ होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 106 आले आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली. याच संहितेतील अपघातानंतर पळून जाण्याविषयीच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये देशभरच्या चालकांनी चाके थांबविली होती. त्या आंदोलनात अफवांचा वाटा बराच होता. तरीही महिना पंधरा-वीस हजारांवर गाडी ओढणाऱ्या माणसाच्या मनात कायद्याविषयी एवढी भीती का आहे, याचा विचार करावाच लागेल. लायनर बदलण्याचा खर्च करायचा की नाही हे तो ठरवीत नाही. गाडी घाटात न्यायची की नाही हेही तो ठरवीत नाही. कलम 190 मधील ‘चालवू देणारा’ हे शब्द मालकापर्यंत पोहोचू शकतात. ते तेथवर नेण्याची इच्छा मात्र तपास यंत्रणेत क्वचितच दिसते.

गाडीच्या दोषाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणाच्या अखेरीस गाड्यांमुळे होणाऱ्या इजेचा विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी किंवा मागे गेली, असे प्रसंग तेथे एकेक नाव घेऊन सांगितले आहेत, आणि अशा वेळी ओरडून लोकांना सावध करणाऱ्या हाकणाऱ्याला दंड नाही. हाकणारा अल्पवयीन असेल तर दंड गाडीत बसलेल्या मालकाला! दोन सहस्रकांपूर्वीच्या त्या शास्त्रकाराने ‘गाडी सुस्थितीत असावी’ असे मोघम लिहून हात झटकले नाहीत. त्याने वेसण आणि जू यांची नावे घेतली. आज स्लॅक अ‍ॅडजस्टर आणि लायनर यांची नावे घेण्याची वेळ आहे, इतकेच.

या विषयात गॅरेजकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अलीकडच्या ट्रकमध्ये ब्रेकची झीज आपोआप भरून काढणारे स्लॅक असतात, आणि एप्रिल 2015 पासून अवजड वाहनांच्या नव्या मॉडेलांना, तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सर्वच नव्या अवजड वाहनांना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा बंधनकारक झाली. यंत्र सुधारले, पण ते हाताळणारी सवय जुनीच राहिली. आपोआप चालणारा स्लॅक सैल पडला की रस्त्याकडेचा मिस्त्री पाना लावून तो हाताने आवळून देतो. गाडी त्या दिवसापुरती ठीक धावते. वस्तुतः आपोआप चालणारा स्लॅक हाताने आवळावा लागतो याचाच अर्थ त्यात किंवा ब्रेकच्या दुसऱ्या एखाद्या भागात बिघाड आहे आणि तो शोधावयास हवा. एबीएसचा पिवळा दिवा पेटला की बल्बची वायर काढून टाकणारेही महाभाग आहेत. नियमात दोषांची व्याख्या स्पष्ट असेल तर मिस्त्रीलाही कळेल की काय बदलायचे आहे आणि काय नुसते आवळून भागणार नाही. ज्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून वाहनांचे सुटे भाग, त्यांत ब्रेकचे ड्रमही, देशभर जातात, त्या कोल्हापुरात हे ज्ञान दुर्मीळ असण्याचे कारण नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारे कारागीर येथे घराघरांत आहेत. ओतकामाच्या कारखान्यात जो ड्रम मोजून बाहेर पडतो, तो रस्त्यावर आल्यावर कोणीच मोजत नाही, हा विरोधाभास या शहराला तरी खटकावा.

ट्रकपेक्षाही नाजूक बाब आहे ती ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची. गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्याचा प्रत्येक रस्ता उसाच्या डबल ट्रॉल्यांनी भरून जातो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर डोक्याच्या वर रचलेला ऊस, आणि ही सारी गाडी थांबविण्याचे काम बहुतांशी एकट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा चालता ब्रेक नसतो. चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते, उतारावर ट्रॉली त्याला ढकलते. दरवर्षी हंगामाच्या आरंभी रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, फलक झळकतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. त्या स्तुत्यच आहेत. रात्री उभ्या ट्रॉलीवर आदळून कित्येक तरुण दुचाकीस्वार गेले आहेत. पण ट्रॉली दिसावी याची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी ती थांबावी याची घेतली जात नाही. शेतीचा विषय आला की नियमाला हात लावण्याचे धाडस कोणताही पक्ष करीत नाही. ऊस शेतकऱ्याचा आहे हे खरे. रस्त्याने शाळेत जाणारी मुलेही शेतकऱ्याचीच आहेत.

स्पष्ट नियमांना वाहतूकदारांचा विरोध होईल, अशी एक शंका घेतली जाते. ती सर्वस्वी निराधार नाही. परिवहन खात्याशी वाहतूकदारांचा अनुभव कडवट आहे. योग्यता प्रमाणपत्राची मुदत टळल्यास दिवसाला 50 रुपये आकारण्याच्या नियमाविरुद्ध 2024 मध्ये राज्यभर रिक्षाचालक व वाहतूकदार रस्त्यावर उतरले आणि राज्य शासनाला ती आकारणी स्थगित करावी लागली. एक-दोन गाड्यांच्या धन्याला बँकेचा हप्ता, डिझेल, टोल आणि विमा भागवून लायनरसाठी पैसा उरत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच दोन वर्गांची पद्धत त्याच्या हिताची आहे. आज त्याला किरकोळ आणि गंभीर दोषासाठी सारखाच दंड, सारखीच हुज्जत आणि बहुधा सारखीच ‘तडजोड’ करावी लागते. एका चाकाचा लायनर संपत आला असेल तर दहा दिवसांची लेखी मुदत, आणि वळणाऱ्या चाकाचा ब्रेक मेला असेल तर जागेवर थांबा, हे त्याला आधी ठाऊक असेल तर तो दुसऱ्या प्रकारची गाडी अड्ड्यावरून काढणारच नाही. नियम स्पष्ट झाल्याने लाचेचा दर वाढेल, असा उपरोधिक युक्तिवादही कोणी करतील. पट्टीने मोजलेला आणि छायाचित्रासह नोंदविलेला दोष नाहीसा करणे तोंडी ठरलेल्या दोषाइतके सोपे नसते.

दुसरा आक्षेप असा की आता स्वयंचलित तपासणी केंद्रे येत आहेत, मग या खटाटोपाची गरज काय? सप्टेंबर 2021 मध्ये केंद्राने या केंद्रांचे नियम केले. अवजड वाहनांना ती 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक व्हावयाची होती. ती मुदत पुढे 1 ऑक्टोबर 2024 पर्यंत ढकलली गेली. आपल्या राज्यात नाशिकला देशातील आरंभीच्या अशा केंद्रांपैकी एक उभे राहिले. तेथे चाके फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो, डाव्या-उजव्या बाजूंत किती तफावत आहे, हे यंत्र सांगते. माणसाच्या डोळ्यापेक्षा हे निश्चितच विश्वासार्ह आहे आणि अशा केंद्रांचे स्वागत केले पाहिजे. पण तेही वर्षा-दोन वर्षांतून एकदाच. उरलेले सारे दिवस गाडी घाटात असते, केंद्रात नसते. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रात. यांतील किती ब्रेकच्या दोषाने गेली हे विश्वासाने सांगता येत नाही. कलम 136 नुसार अपघातग्रस्त वाहनाची तपासणी होऊ शकते, पण तिच्या अहवालात कोणत्या चाकाचा कोणता भाग किती झिजला होता याची नोंद करण्याचा ठराविक नमुना असेल तरच त्यातून काही शिकता येईल. रस्त्यावरच्या तपासणीसाठी दोषांची जी यादी होईल, तीच अपघातानंतरच्या तपासणीलाही वापरता येईल.

या यादीसाठी संसदेत कायदा बदलण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. जागेवर थांबविण्याचा स्पष्ट अधिकार देण्यासाठी कलम 207 मध्ये दुरुस्ती लागेल, आणि तिचा आग्रह जिल्ह्याच्या खासदारांनी धरावा. तोवर नियम 62 व 96 च्या चौकटीत राहून, कोणता ब्रेकदोष कलम 190 खाली ‘धोकादायक’ मानावा, याचे मार्गदर्शक परिपत्रक राज्याचे परिवहन आयुक्त काढू शकतात. ते मराठीत असावे, कागलच्या सीमा तपासणी नाक्यावर कानडीतही लावलेले असावे, आणि त्यात विशेषणे कमी व आकडे जास्त असावेत. ताराबाई पार्कातील प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर, घाटांच्या तोंडाशी असलेल्या चौक्यांत आणि वाहतूक संघटनांच्या अड्ड्यांवर तेच एक पान दिसावे.

साखर कारखान्यांना तर परिपत्रकाचीही प्रतीक्षा नको. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, त्याच सुमारास ऊस वाहतुकीचे करार होतात आणि वाहनमालकांना उचलही दिली जाते. प्रत्येक ट्रॉलीला स्वतःचा चालता ब्रेक असल्याशिवाय उचल मिळणार नाही, ही अट त्या करारात एका ओळीत बसते.